राहून गेलेलं एक नाव



आधी एक हात वर करायचा कार्यक्रम. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ज्यांची जन्मतारीख एक जून आहे, त्यांनी हात वर करा. लाजू नका. मोजते हं... अकरा. आणि दोघं आज आलेले नाहीत, म्हणजे तेरा.

साठ जणांच्या वर्गात तेरा जण एकाच तारखेला जन्मले नव्हते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि सरांनाही. जूनमध्ये शाळा उघडायची. वडील पोराला बोटाला धरून आणायचे. जन्मतारीख विचारली की "त्या साली विहिरीला पाणी लागलं बघा, नागपंचमीच्या पुढे-मागे" असं सांगायचे. गुरुजी वय बसेल असं साल धरायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. आज तीच तारीख आधारवर आहे, पासपोर्टवर आहे आणि तिच्यावरच आपण निवृत्त होणार आहोत. गुरुजींना मी दोष देत नाही, त्यांना रजिस्टर भरायचं होतं. पण खरा दिवस एका माणसाला नक्की ठाऊक होता, तो म्हणजे आईला. ती घरी होती. तिला विचारायला कोणी गेलं नाही.

आज मी बोलणार आहे ते या न विचारण्याबद्दल.

संयोजकांनी विषय दिला होता 'माझा छंद'. माझा छंद जरा विचित्र आहे. पुण्यात ऑफिसला जाता-येता रोज दोन-अडीच तास गाडीत जातात. त्या वेळात मी गेली आठ-नऊ वर्षं दुसऱ्यांच्या पणजोबांच्या गोष्टी ऐकते. वंशावळ आणि घराण्याचा इतिहास या विषयावर इंग्रजीत खूप पॉडकास्ट आहेत. बाई, पॉडकास्ट म्हणजे रेडिओवरच्या कार्यक्रमासारखंच, फक्त वेळ आकाशवाणीनं ठरवायची नाही, आपण ठरवायची.

यातला फार जुना म्हणजे 'द जीनिऑलॉजी गाइज'. जॉर्ज मॉर्गन आणि ड्रू स्मिथ या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो २००५ साली सुरू केला. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी पॉडकास्ट हा शब्दही ऐकला नव्हता. अशा कार्यक्रमांत ऐकणारे आपली अडचण कळवतात. कोणाचे खापरपणजोबा आयर्लंडहून जहाजानं आले, पण पुढे त्यांचा माग लागत नाही. मग कुठला कागद बघायचा, तो कुठल्या कचेरीत मिळेल, त्यातल्या चुका कशा ओळखायच्या, हे सावकाश समजावून सांगतात. मी सॉफ्टवेअरमधली. चुका शोधणं हेच माझं पोट. त्यामुळे मला ते ऐकायला फार आवडायला लागलं.

ऐकता ऐकता कळलं की तिकडे हा छंद इतका फोफावला याचं कारण कागद. इंग्लंडमध्ये १५३८पासून चर्चमध्ये बारसं, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम आहे. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि ७२ वर्षांनी तिची घराघरांची पानं लोकांना खुली करतात. १९५०ची पानं १ एप्रिल २०२२ला खुली झाली, तेव्हा त्यावर कितीतरी भाग आले. आपल्याकडे जनगणना ब्रिटिशांच्या काळापासून आहे, पण १९४८च्या कायद्याप्रमाणे घराघरांची माहिती गोपनीय राहते. आपल्या आजोबांच्या घराचं पान आपल्याला बघायला मिळत नाही.

पण कागद भरपूर असूनही त्या लोकांचं गाडं कुठेतरी अडतंच. त्याला ते विटांची भिंत म्हणतात. ही भिंत बहुतेक वेळा कुठे लागते माहीत आहे? बाईपाशी. अमेरिकेत १७९० ते १८४० या जनगणनांत फक्त घरातल्या कर्त्याचं नाव लिहायचे. बाकीच्यांचे नुसते आकडे. अमुक वयाचे पुरुष इतके, अमुक वयाच्या बायका इतक्या. १८५०मध्ये प्रत्येकाचं नाव लिहायला लागले, पण तेही स्वतंत्र माणसांचं. गुलामांची यादी वेगळी. त्यात मालकाचं नाव आणि खाली माणसांची वयं, लिंग आणि रंग. त्यामुळे गुलामीत जगलेल्यांच्या वंशजांना आपल्या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा सापडतात ती बहुतेक १८७०मध्ये. त्याच्या मागे जायचं तर मालकाचे कागद, मृत्युपत्रं, विक्रीखतं धुंडाळावी लागतात. हे भाग ऐकताना मी कितीदा सिग्नल हिरवा झाल्याचं विसरले आहे.

आणि बायकांचं तर लग्न झालं की आडनाव बदलतं. त्यामुळे पणजीचं माहेरचं आडनाव कसं शोधायचं, यावर तिथे भागामागून भाग निघतात. मला ऐकताना हसू यायचं. तिकडे नुसतं आडनाव बदलतं. आपल्याकडे आडनाव बदलतं, वडलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि वर ताटात तांदूळ पसरून अंगठीनं पहिलं नावही नवीन लिहितात. तीनपैकी एकही शब्द शिल्लक राहत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते.

बाबांना शेवटची दोन वर्षं डायलिसिस होतं, आठवड्यातून दोनदा. सकाळी मी त्यांना गाडीनं घेऊन जायचे. रस्त्यात एका कानात माझा पॉडकास्ट चालू. बाबा शेजारी बसून बाहेर बघायचे. त्यांना फार बोलायची सवय नव्हती आणि मला वाटायचं की त्यांना शांतता बरी वाटत असेल. एकदा त्यांनी विचारलं, "कसलं ऐकतेस रोज?" मी म्हटलं, "एक अमेरिकन बाई आपल्या पणजीचं नाव शोधतेय." बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्या मोठीबद्दल तुला एकदा सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, "सांगा ना, बाबा. हा भाग संपू दे, मग सांगा."

भाग संपला तोवर हॉस्पिटल आलं. व्हीलचेअर, फाइल, पार्किंग. संध्याकाळी मला कॉल होता. त्यानंतर सात आठवड्यांनी बाबा गेले.

'मोठी' हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता. पितृपक्षात अविधवा नवमीला आई एका सवाष्णीला जेवायला बोलवायची, खण-नारळानं ओटी भरायची. कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणायची, "मोठीसाठी." मला वाटायचं हे त्या दिवसाचंच नाव असेल. बाबा गेल्यावर पहिला पितृपक्ष आला तेव्हा आई म्हणाली, "मोठी म्हणजे तुझ्या आजोबांची पहिली बायको. आजीच्या आधीची." आईला तिचं नाव माहीत नव्हतं. भावाला माहीत नव्हतं.

महालयाच्या तर्पणात फक्त वडील, आजोबा, पणजोबा येत नाहीत. आई, आजी, पणजी येतात, आईच्या माहेरचे येतात, आणि त्या यादीत सापत्नमातासुद्धा असते. म्हणजे बाबा दर वर्षी पळीनं पाणी सोडताना तिचं नाव घेत होते. मी चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत त्याच खोलीत अभ्यास करत बसायचे. पन्नास-साठ वर्षं ते नाव वर्षातून एकदा आमच्या घरात उच्चारलं गेलं आणि मला ते आठवत नाही, कारण मी कधी ऐकलंच नाही. भावानं पुढे तर्पण चालू ठेवलंय, पण तिथे आता तो नावाच्या जागी नुसतं "सापत्नमाता" म्हणतो. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर त्या माहितीची एकच प्रत होती आणि ती बाबांकडे होती.

मग मी शोधायला लागले. आजोबांच्या भावकीत एक छापील वंशावळ होती. आजोबांच्या नावाखाली चार मुलगे, मुलींचा उल्लेख एका ओळीत, बायको एकच, ती माझी आजी. आपल्याकडे अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापलेले आहेत आणि काहींमध्ये सुनांची माहेरची नावं काळजीनं दिलेली असतात. पण ज्या सुनेला मूल उरलं नाही, तिच्यासाठी झाडाला फांदीच नसते. ती लिहायची कुठे?

मग नाशिकला गेले. आपल्यातल्या काहींना माहीत असेल, तिथले क्षेत्रोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वह्या ठेवतात. गाव आणि आडनाव सांगितलं की आपले उपाध्याय कोण ते कळतं, आणि त्यांच्याकडे आपले पूर्वज कधी आले, कोणाबरोबर आले, कशासाठी आले ते लिहिलेलं असतं. हरिद्वारच्या अशा वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या एका वंशावळ संस्थेनं करून ठेवली आहे, तीही मी ऐकली होती ती पॉडकास्टवर! जुनी पानं मोडीत होती. उपाध्यायांनीच वाचून दाखवली. आजोबांची नोंद सापडली. शके १८५६, म्हणजे १९३४-३५. त्यांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आजोबांचं नाव, दोन भावांची नावं. आणि येण्याचं कारण: 'कुटुंब मयत, अस्थी आणिल्या.'

कुटुंब म्हणजे बायको. तेव्हा तसंच लिहायचे. म्हणजे तिच्या अस्थी घेऊन ते आले होते, तिच्यासाठीच ती ओळ लिहिली गेली, आणि त्या ओळीत पाच पुरुषांची नावं आहेत. तिचं नाही. अमेरिकेच्या १८४०च्या जनगणनेतला तो आकडा मला तिथे रामकुंडावर आठवला.

आता एकच जागा उरली होती, माझी आत्या. सांगलीला असते. वय ८६. कान जरा कमी, डोकं एकदम तल्लख.

इथे पॉडकास्टनी मला खरी मदत केली. अमेरिकेत 'स्टोरीकॉर्प्स' नावाचा उपक्रम आहे. डेव्ह आयसे या रेडिओवाल्यानं २००३मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक छोटी खोली उभारून तो सुरू केला. दोन जणांनी आत बसायचं, एकानं दुसऱ्याला विचारायचं, चाळीस मिनिटं. नात आजीला विचारते, मुलगा बापाला. ते रेकॉर्डिंग त्यांची परवानगी असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवतात. त्यातले तुकडे मी शेकड्यांनी ऐकलेत. त्यावरून एवढं कळलं होतं की फार वेळ बसायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, आणि मोठा प्रश्न विचारायचा नाही.

तरी मी पहिल्यांदा मोठाच प्रश्न विचारला. "आत्या, जुन्या आठवणी सांग ना." आत्या म्हणाली, "काय सांगायचं? चाललं होतं सगळ्यांचं तसंच आमचं."

दुसऱ्या दिवशी मी पंखा बंद केला, मोबाइल विमान मोडवर टाकला, समोर कोरा कागद ठेवला आणि विचारलं, "जुन्या घरात शिरलं की आधी काय लागायचं?" झालं. आत्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं. पडवी, पडवीत जातं, मग माजघर, उजवीकडे बाळंतिणीची खोली, माजघराच्या तुळईला दोन कड्या. मी विचारलं, "कड्या कशाला?" तर म्हणाली, "पाळण्याला. सागवानी पाळणा होता. आम्ही सगळी त्यातच वाढलो. तुझंही बारसं त्यातच झालं. मोठीच्या बाळासाठी केला होता तो."

मग मी काही विचारलं नाही. आत्याच बोलत राहिली. मोठी कृष्णाकाठच्या गावची, औदुंबरच्या बाजूची. एकोणीस वर्षांची होती. पहिलंच बाळंतपण. ती तिसऱ्या दिवशी गेली. बाळ अकराव्या दिवशी गेलं. बारसं बाराव्या दिवशी असतं.

माझ्या आजीच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक छोटा चांदीचा टाक असायचा, तो मोठीचा. दुसरेपणावर दिलेल्या मुलीनं आधीच्या सवतीचा टाक घालायची रीत होती. आजी रोज आंघोळीनंतर त्याला हळदकुंकू लावायची. पुण्याला परत आल्यावर मी आईला विचारलं, तर तिनं देवघरातल्या डब्यातून तो काढून दिला. तिला इतकी वर्षं तो कुठल्या तरी देवीचा वाटत होता.

"आणि नाव?" मी शेवटी विचारलं. आत्या म्हणाली, "आई तिला मोठीच म्हणायची. सवतीचं नाव कोण घेतं? आणि अण्णा कुठल्याच बायकोचं नाव घेत नसत. हिचंही नाही नि तिचंही नाही." मग एकदम म्हणाली, "तुझ्या बाबाला माहीत आहे बघ. तर्पणात घेतो तो. त्याला विचार."

असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षात आलं. दोघीही काही बोललो नाही. त्या रेकॉर्डिंगमध्ये पुढचं एक मिनिट नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आहे.

मग ती म्हणाली, "आता हे बंद कर. तुला एक सांगते." मी बंद केलं. तिनं जे सांगितलं ते माझ्यापाशीच राहील. हेही मी ऐकूनच शिकले. डॅनी शपिरो या लेखिकेचा 'फॅमिली सीक्रेट्स' नावाचा पॉडकास्ट आहे. ज्यांनी आपल्याला वाढवलं ते आपले जन्मदाते वडील नाहीत, हे तिला पन्नाशीनंतर डीएनए चाचणीतून कळलं. तिचे पाहुणे असल्याच गोष्टी सांगतात. ते ऐकलं की कळतं, घराच्या इतिहासात जिवंत माणसं असतात. ज्यानं सांगितलं त्याला विचारल्याशिवाय पुढे सांगायचं नाही.

तर मोठीचं नाव मला मिळालेलं नाही. गाव मिळालं, वय मिळालं, टाक मिळाला. औदुंबरच्या बाजूला तिच्या माहेरचं कोणी आहे का, ते मी शोधते आहे.

मित्रांनो, हे सगळं घरचं आज इथे का सांगितलं? कारण या संमेलनासाठी आपण जी यादी केली, तिच्यात मला तेच दिसलं. आपण साठ जण. चौतीस मुलगे, सव्वीस मुली. मुलगे तीन आठवड्यांत सापडले. आडनाव टाकलं की झालं. मुली शोधायला सात महिने लागले. जनरल रजिस्टरमधलं नाव आणि आजचं नाव यांत एकही शब्द सारखा नाही. एक सापडली ती तिच्या भावाच्या किराणा दुकानात चौकशी केल्यावर. एक सापडली ती आपल्या बाईंना तिच्या लग्नाची पत्रिका आठवत होती म्हणून. पाच जणी अजून सापडलेल्या नाहीत. आपल्याबरोबर दहा वर्षं एका बाकावर बसलेल्या मुली. शंभर वर्षांपूर्वीच्या नव्हेत, १९९५च्या.

आपल्या दाखल्यावर आईचं नावसुद्धा नव्हतं. तो रकाना नंतर आला. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता स्वतःच्या नावापुढे आईचं, मग वडलांचं, मग आडनाव, असं सरकारी कागदावर लिहायचं ठरलं आहे. चांगलं झालं. पण त्याआधीच्या आया आपल्यालाच लिहून ठेवाव्या लागणार.

म्हणून दोन विनंत्या. पहिली स्मरणिका समितीला. यादीत प्रत्येक मैत्रिणीची दोन्ही नावं छापा, शाळेतलं आधी आणि आत्ताचं नंतर. न सापडलेल्या पाच जणींचीही शाळेतली नावं छापा. कोणाच्या तरी घरी हे पुस्तक त्यांच्या नात्यातलं कोणी उघडेल.

दुसरी विनंती तुम्हा सगळ्यांना. या महिन्यात घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ चाळीस मिनिटं बसा. सुरुवातीला तारीख, गाव आणि दोघांची पूर्ण नावं मोठ्यानं बोला, म्हणजे पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला कळेल. घराचा नकाशा काढायला सांगा. घरातल्या प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि गाव विचारा. बंद कर म्हणाले की बंद करा. फाइलला नीट नाव द्या आणि ती दोन ठिकाणी ठेवा. कशी करायची ते जमलं नाही तर मला फोन करा, रात्री दहापर्यंत कधीही.

आणि सर, बाई, तुम्हीही सुटत नाही. दुपारच्या जेवणानंतर आठवी-अ च्या वर्गात मी मोबाइल घेऊन बसणार आहे. एकेकानं यायचं. पहिला प्रश्न तयार आहे. तुम्ही या शाळेत पहिल्या दिवशी आलात, तेव्हा फाटकातून आत शिरल्यावर डाव्या हाताला काय होतं?